शेपूट नव्हे, रोप

प्रिय पेइलिन,

अक्षरावरून ओळखलंस तर ठीक, नाहीतर शेवटचं पान उलटून नाव बघायची घाई करू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवट वाचायचास आणि मग माझ्यापुढे शहाणपणा मिरवायचास. या अक्षराला वळण तूच लावलं आहेस, तेव्हा दोष द्यायचा तर स्वतःला दे. मधल्या वर्षांत मी लिहिलं ते बियाण्यांच्या बरण्यांवर आणि नातवाच्या दप्तरावर, त्यामुळे ओळी जरा खाली उतरतात. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

तुझा पत्ता श्यूफेनने दिला. गेल्या शरदात तुमची शांघायची जुनी मंडळी बस करून हुआंगथानला आली होती. एके काळी ज्यांना सरकारने शहरातून आमच्या शेतांवर राबायला धाडलं आणि ज्यांना चिखलात उभं राहून आईच्या नावाने रडताना पाहिलं, ती सगळी आता टोप्या घातलेले आजी-आजोबा झाली आहेत. बसमधून एकेक जण उतरत होता आणि मी कापराच्या झाडाखाली उभी राहून प्रत्येकाचं तोंड निरखत होते. शेवटी ड्रायव्हर उतरला. तुझं विचारलं तर श्यूफेन म्हणाली, "त्याचे गुडघे गेलेत गं, जिना उतरवत नाही. बायको गेल्यापासून तर बाहेरच पडत नाही." गुडघ्यांचं मी खरं मानलं. तिने तुझा फोन नंबरही दिला होता, आणि माझी सून लगेच तुझा चेहराच फोनवर आणायला निघाली होती. मी तिचा हात धरला. माझे पुढचे दात पडलेत, पेइलिन. तुझ्या डोळ्यांपुढे मी दात असलेलीच राहू दे.

आता गावची बातमी. आपलं ते धान्याचं कोठार आठवतं ना, शाळेसमोरचं? त्याचं आता चहा-कॉफीचं दुकान होणार आहे आणि माळ्यावर पाहुण्यांच्या खोल्या. शहरातल्या लोकांना आमच्या जुन्या गरिबीत एक रात्र झोपून बघायची हौस असते, संडास मात्र नवा लागतो. नानचांगहून यिनुओ नावाची एक मुलगी आली आहे, सजावटीचं सगळं तिच्याकडे. केस निळे, पण स्वभावाने गोड आहे. तिने मजुरांकडून पुढची भिंत खरवडून घेतली. आधी खताची जाहिरात निघाली. तिच्याखाली "एकच मूल पुरे" निघालं, ते बघून माझी सून घरात निघून गेली. त्याच्याखाली चुन्याचा जाड थर, आणि तो निघाला तेव्हा, पेइलिन, तुझी लाल अक्षरं बाहेर आली. मी अंगणात मिरच्या निवडत होते. टोपली तिथेच टाकून धावले. तुझा तो लांब खाली ओढलेला आणि टोकाशी किंचित वर उचललेला फराटा मी कुठेही ओळखला असता. चारचौघांत रडू फुटलं. यिनुओला वाटलं आजीच्या डोळ्यांत चुना गेला, तिने बिचारीने पाणी आणून दिलं. मीही डोळे धुतले आणि चुन्याला शिव्या घातल्या.

घोषणा सगळी शाबूत आहे, एक शेवटचं अक्षर सोडून. त्या कोपऱ्यावरची पन्हळ फुटली होती, वर्षानुवर्षं पाणी मुरून गिलावाच गळून पडला आहे. "समाजवादाचं तण चालेल, भांडवलशाहीचं..." आणि पुढे नुसत्या उघड्या विटा. "नको" तर आपल्या लिहिण्यात आधीच येऊन जातं. शेवटाला फक्त ते एकच अक्षर होतं, आणि आपल्यात एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द. यिनुओला भिंत होती तशी करायची आहे, म्हणून गावच्या सेक्रेटरी वानबाईंनी आम्हा म्हाताऱ्यांना झाडाखाली गोळा केलं. बाई चाळिशीच्या, तो काळ त्यांनी बघितलेलाच नाही. "आठवा, आठवा, भांडवलशाहीचं काय नको होतं?" त्या बालवाडीतल्या पोरांना विचारावं तसं विचारत होत्या. कुणी म्हणालं फूल. कुणी म्हणालं, "पैसाच असणार, दुसरं काय नको असतं?" त्यावर सगळे हसले. मग देशंगदादाने काठी आपटली. "शेपूट! भांडवलशाहीचं शेपूट! या हातांनी कापलीत मी, मला काय विचारता?" झालं, सगळ्यांच्या माना डोलल्या. हो हो, शेपूटच. आपण सगळ्यांनी वाचलंय की.

देशंगदादाला तरी खोटं कसं म्हणू? घरामागे एखादी कोंबडी जास्त दिसली की ती भांडवलशाहीची शेपटी, आणि ती कापायला हाच पोतं घेऊन दारात यायचा. ज्याने शेपट्या कापल्या त्याला शेपूटच आठवणार. आमची लंगडी तांबडी कोंबडी तू तुमच्या वसतिगृहात खाटेखाली टोपलीत लपवली होतीस. तो दारात उभा, आणि नेमकं त्याच वेळी त्या बयेने अंडं घातलं आणि गाव डोक्यावर घेतलं. तू केवढ्याने खोकत सुटलास! देशंगदादा दोन पावलं मागे सरून म्हणाला, "या शांघायच्या पोराला क्षय झालाय, कुणी जवळ जाऊ नका रे." ते अंडं उकडून आपण अर्धं अर्धं खाल्लं होतं. पिवळा भाग तू मला दिलास.

तर मी झाडाखाली उभी राहिले आणि म्हटलं, "शेपूट नव्हे. रोप होतं तिथे. समाजवादाचं तण चालेल, भांडवलशाहीचं रोप नको." मग यिनुओ खुदकन हसली. "आजी, रोप नको? म्हणजे भात नको? असं कोण लिहील? वेडा असेल तरी लिहिणार नाही." वानबाई म्हणाल्या, "त्साओ आजी, तुमचं वय झालं, गल्लत होते कधीकधी. आणि हे बघा, आपल्याला कुणाचं वाईट दाखवायचं नाहीये. नुसतं जुनं वातावरण हवंय. शेपूट गमतीदार आहे, पाहुण्यांना आवडेल." यिनुओने तर तिथल्या तिथे वहीत एक छोटी गुबगुबीत शेपटी काढूनही दाखवली. मी देशंगदादाकडे बघितलं. त्याला ऐकू कमी येतं, तो आपला मान डोलावत बसला होता. मला राग आला नाही. त्या मुलीच्या हसण्यात एवढं साधं शहाणपण होतं की मला वाटलं, ही तेव्हा आपल्या चावडीवरच्या सभेत असायला हवी होती. पण ती तेव्हा असती तर तिनेही आमच्याबरोबर हात वर केला असता. आम्ही काय कमी शहाणे होतो?

तू तर होतासच. तुला आठवतं, ती घोषणा आली त्याच वर्षी आपण सगळे भाताच्या खाचरात गुडघ्यांवर सरकत तण उपटत होतो, पाठीवर ऊन, पोटऱ्यांना जळवा, आणि तू माझ्या कानाशी येऊन कुजबुजलास, "तण चालेल म्हणतात, मग हे उपटतोय कशाला? त्यालाच खत घालू या ना." मी इतकी हसले की तोंडावर पडले चिखलात. तेव्हाचा सेक्रेटरी फांग बांधावरून ओरडला, "काय झालं?" तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "घसरली, साहेब." ते वाक्य कुणी ऐकलं असतं तर तुझं काय झालं असतं याचा विचार मला घरी गेल्यावर सुचला, आणि मग मला हुडहुडी भरली. पण त्या चिखलात तोंड बरबटलेलं असताना मी ठरवून टाकलं होतं की माणूस हवा तर हा. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं होतं असं मात्र मला नेहमी वाटत आलं आहे.

आणि ते अक्षर! बाकी गावाने विसरावं, तू कसा विसरशील? भाताच्या लागवडीच्या ऐन घाईत मी जन्मले, आई हातातली जुडी टाकून बांधावरून घरी आली आणि तिने माझं नाव म्याओ ठेवलं, रोप. तुमच्या शांघायच्या टोळीने पहिल्याच हजेरीला माझं नाव पुकारल्यावर मांजराचा आवाज काढला होता. त्यात तूही होतास, नाकारू नकोस. पुढे ती घोषणा तालुक्याहून आली. तुझं अक्षर सगळ्यांत देखणं, म्हणून फांगने तुला शिडीवर चढवलं आणि मला बादली धरून खाली उभं केलं. शेवटच्या अक्षरापाशी तू थांबलास आणि खाली माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "लिही ना, रंग सुकतोय." मग तू ते इतकं हळू, इतकं जपून लिहायला लागलास की फांग खालून खेकसला, "भिंत रंगवतोस की नवरी सजवतोस?" सगळे हसले. मीही हसले. सगळ्या भिंतीवर ते एकच अक्षर असं होतं की लोकांनी थांबून बघावं, आणि लोक थांबून बघू लागले तिथेच घोटाळा झाला.

पोरांना काय, निमित्तच हवं असतं. मी शाळेवरून गेले की त्यांचा कोरस सुरू, "म्याओ नको, म्याओ नको!" बाबांवर श्रीमंत शेतकऱ्याचा, म्हणजे वर्गशत्रूचा, शिक्का आधीपासून होताच. एका सभेत फांग म्हणाला, "घराणं तसलं आणि पोरीचं नावही तसलं. भिंतीवर लिहिलंय ते यांच्याच घरात वाढतंय." तो चेष्टेत बोलला असेल. पण बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नदीवर तू मला म्हणालास, "नाव बदल. त्साओ लाव, म्हणजे तण. तण म्हटल्यावर तुला कोण बोलेल? घोषणाच तुझ्या बाजूची होईल." तू हसत होतास, पण दर शब्दाला मागे वळून बघत होतास. कचेरीत माझ्याबरोबर आलास, आणि माझं नवं नाव तूच तुझ्या सुंदर हाताने लिहून दिलंस. मी कधी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जुनं नाव तूच भिंतीवर चढवलंस आणि नवं तूच माझ्या गळ्यात बांधलंस. पण मला वाचवायचं म्हणूनच बांधलंस, आणि मी वाचले. आजही सगळा गाव मला त्साओ आजी म्हणतो. तण चिवट असतं म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आईला मात्र ते नाव कधी जमलं नाही. बाबा तिला रोज दटावायचे, "त्साओ म्हण, भिंतीला कान आहेत." जुनं नाव घ्यायची भीती आणि नवं घ्यायला जीभ वळेना, म्हणून तिने नावच घेणं सोडलं. "अगं ए" म्हणायची. पुढे घोषणा बदलल्या, बाबांवरचा शिक्का निघाला, कोंबड्या वाटेल तेवढ्या पाळा म्हणाले, तरी ती "अगं ए"च म्हणत राहिली. शेवटच्या आजारातही मला "अगं ए, पाणी दे" एवढंच. मी वाट बघत होते. तिने ते नाव घेतलं नाही.

म्हणजे मग ते नाव घेणारा राहिलास तू. लोकांत तूही त्साओच म्हणायचास, "कॉम्रेड त्साओ" असं इतक्या कडक आवाजात की श्यूफेनला वाटायचं तुझं माझ्याशी वैर आहे. आणि मग मी बांबूच्या बनाशेजारून सरपण घेऊन जात असले की आतून मांजर ओरडायचं. मी मोळी खाली ठेवून कानोसा घ्यायचे. कुणी नाही अशी खात्री झाली की तू हळूच नाव घ्यायचास. मी सरपणाला मुद्दाम तिकडूनच जायचे, लांब पडायचं तरी.

तुमचे परतीचे कागद आले तेव्हा तू विचारलं नाहीस आणि मीही थांब म्हटलं नाही. इथे लग्न करणाऱ्याला शांघायचं दार बंद होतं, हे दोघांनाही माहीत होतं. तुम्हाला बस-थांब्यावर सोडायला ट्रॅक्टर घेऊन लुओ गेला होता. तो परत आला आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "तो रडत होता. मी मागे वळून बघितलं नाही." एवढंच सांगायला तो चिखलातून वाट वाकडी करून आला होता. त्याच माणसाशी मी पुढे लग्न केलं, आणि चांगला संसार केला. तो मला कधी टोचून बोलला नाही. तोही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो मला त्साओच म्हणायचा, कारण माझं नाव तेच आहे असं तो मानायचा. पुढे एकदा कचेरीत जाऊन जुनं नाव परत लावून घ्यावं असं मनात आलं होतं. कारकून म्हणाला, "तण काय, रोप काय, दोन्ही मातीतच उगवतं. घरी जा, वहिनी." मी घरी आले. तू तर गेला होतास, मग ते नाव लावायचं तरी कुणासाठी?

काल त्यांनी भिंत पुरी केली. तुझ्या अक्षरांवर नवा लाल रंग चढवला आहे, फराटे जसेच्या तसे ठेवलेत, यिनुओचा हात चांगला आहे. आणि शेवटी उघड्या विटांवर गिलावा करून संगणकातून काढलेलं "शेपूट" चिकटवलं आहे. भाड्याचे, त्या काळासारखे हिरवे गणवेश आणि दंडाला लाल पट्ट्या घालून पोरं-पोरी त्याच्यासमोर मुठी वळून फोटो काढतात आणि मग आइस्क्रीम खातात. त्यांना हसावं की त्यांच्यावर रागवावं, मला कळत नाही. त्यांना त्यातलं काहीच माहीत नाही, आणि माहीत असणारे देशंगदादासारखे मान डोलावतात. आज सकाळी यिनुओ माझ्या अंगणात आली. तिला रात्रभर चुटपुट लागली असावी. म्हणाली, "आजी, ज्याने लिहिलं तो माणूस अजून आहे का? त्याने रोप म्हटलं तर मी शेपूट काढते. वानबाईंना मी बघून घेते." विचित्र आहे बघ, पेइलिन. त्या घोषणेने माझं नाव खाल्लं, आणि तरी या सबंध गावात माझं नाव कुठे लिहिलेलं होतं तर ते फक्त त्या घोषणेत. शिवी का असेना, पण तुझ्या हातची होती. भिंतीवर शेपूट बघून मला असं वाटलं की म्याओ नावाची मुलगी इथे कधी नव्हतीच.

यिनुओला मी तुझा पत्ता दिलेला नाही. तिला वाटतं मी आत्ता तिच्यासाठीच लिहिते आहे, साक्ष मागवते आहे. भिंतीचं त्यांनी काय करायचं ते करू दे, तुला काही लिहावंसं वाटलं तर त्यांना लिही, नाहीतर राहू दे. मला हवंय ते दुसरंच. या घरात माझ्या नावाने आजवर जे जे आलं ते त्साओच्या नावाने आलं, विजेचं बिल आलं, सरकारी कार्ड आलं, लुओच्या मरणाचा दाखलाही आला. मला एक पाकीट पाठव. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल, कोरा कागद घाल. फक्त वरती तुझ्या हाताने माझं नाव लिही. हात आता थरथरत असेल तर थरथरू दे. पत्रं आमच्याकडे दुकानात येऊन पडतात. पत्र परत जाऊ नये म्हणून आज मी दुकानात जाऊन सांगून आले, "म्याओच्या नावाने काही आलं तर ठेवून घे." दुकानदारीण माझ्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, "म्याओ? या नावाचं आपल्या गावात कोण आहे, आजी?" आणि पेइलिन, मी म्हटलं, "मी."

अजूनही तुझीच,
म्याओ